किती रात्री जागलात?

माझ्या मावशीच्या खोलीतल्या खिडकीला आतून काळा कागद लावलेला असे. जाड, शाळेच्या प्रकल्पाला वापरतात तसला. कडेने पीठ शिजवून केलेली खळ. दर पावसाळ्यात तो कोपऱ्यातून सुटायचा आणि दिवाळीच्या साफसफाईत नवा लागायचा. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात बाकी कुणाच्याच खिडकीला असला कागद नव्हता, कारण बाकी कुणीच दिवसा झोपत नव्हते. मावशी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. नाइट लागली की सकाळी ओव्हर देऊन ती साडेआठला घरी यायची, चहाबरोबर दोन घास खायची आणि त्या अंधारात शिरायची. मग बाहेर कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, नळावर बादल्या आपटायच्या, बोहारणीची हाळी यायची. ती कूस बदलत पडून राही. खरी झोप तिला लागायची ती दुपारी एकनंतर, पेठेतल्या दुकानांची शटर खाली आली आणि रस्ता गप्प झाला की. चारच्या पुढे अंगणातली गुलबक्षी उमलायला लागायची तेव्हा ती उठून बाहेर यायची. डोळे लाल, चेहरा सुजलेला. "आज चांगले तीन तास मिळाले," असे ती आईला सांगायची, आणि ते ती खरोखरच समाधानाने सांगायची.

1976 ते 2008 अशी बत्तीस वर्षे तिने ही नोकरी केली. 2011 मध्ये तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झाले, किमो झाली, लाइट झाली. लाइट म्हणजे रेडिएशन. आपल्याकडचे रुग्ण आणि आया-मावशा त्याला लाइटच म्हणतात. या सगळ्यात एका संध्याकाळी तिने मला विचारले, "तू प्राणिशास्त्र शिकवतेस ना? मग सांग, माझ्या नाइटांनी झालं असेल का गं हे?"

मला उत्तर देता आले नाही. पण त्याहून एक गोष्ट मला जास्त लागली. मी तिची फाइल चाळली होती. पहिली पाळी कोणत्या वर्षी आली, पाळी कधी गेली, मुले किती, अंगावर पाजले का, घराण्यात कुणाला होते का, तंबाखू, मिश्री, दारू, सगळे विचारलेले होते आणि नीट लिहिलेले होते. व्यवसायाच्या रकान्यात 'निवृत्त' एवढाच शब्द होता. किती वर्षे, किती रात्री जागलात, हे कुणी विचारले नव्हते. त्यानंतर मी जे केसपेपर पाहिले त्यांतही हा प्रश्न मला सापडला नाही. हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नापोटी लिहिले आहे.

शरीरात घड्याळ असते हे आपल्याला नव्याने सांगायला नको. चिंचेची पाने संध्याकाळी मिटतात हे गावात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. सिकंदराच्या आरमाराबरोबर आलेल्या अँड्रोस्थेनिसने आखातातल्या बेटावर चिंचेची हीच झोप पाहून लिहून ठेवली होती. पण पाने ऊन गेले म्हणून मिटतात, की झाडाला आतूनच कळते? 1729 मध्ये फ्रान्समध्ये द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखे रोप अंधाऱ्या जागी ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही पाने दिवसा उघडत होती, रात्री मिटत होती. वेळ बाहेरून येत नव्हती. बाहेरचा उजेड ती फक्त जुळवून देत होता, जसे आपण रेडिओच्या ठोक्यांवर मनगटातले घड्याळ लावून घ्यायचो.

हे घड्याळ कशाचे बनलेले आहे हे कळायला आणखी अडीचशे वर्षे गेली, आणि ते कळले फळांवर घोंघावणाऱ्या चिलटामुळे. 1971 मध्ये अमेरिकेत रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेन्झर यांना फळमाश्यांमध्ये अशा माश्या सापडल्या की ज्यांचा दिवस एकोणीस तासांचा होता, काहींचा अठ्ठावीस तासांचा, तर काहींना दिवसच नव्हता. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. त्याचे नाव त्यांनी 'पिरियड' ठेवले. 1984 मध्ये हे जनुक हाती लागले, आणि जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना त्याच्या पुढच्या कामासाठी 2017 चे नोबेल मिळाले. या माशीचे एक काम पुण्यापासून तीन तासांवर झालेले आहे, आणि त्याची आपल्याकडे पुरेशी आठवण ठेवली जात नाही म्हणून इथे मुद्दाम लिहिते. नगरच्या अहमदनगर कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात दिलीप जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ड्रॉसोफिला अनानासी ही आपल्याकडची फळमाशी देशातल्या वेगवेगळ्या अक्षांशांवरून आणि हिमालयातल्या उंचीवरून गोळा केली, आणि कोषातून बाहेर पडण्याची, हिंडण्या-फिरण्याची तिची लय मोजली. त्या लयी ठिकाणागणिक वेगळ्या निघाल्या. म्हणजे घड्याळ जन्मतः आत असते, पण पिढ्यान्‌पिढ्या ते ज्या आकाशाखाली चालले त्याची खूण त्यावर असते. एका जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजात हे संशोधन वर्षानुवर्षे चालले. मी स्वतः कॉलेजात शिकवल्यामुळे त्यामागचे कष्ट मला ठाऊक आहेत.

माणसात मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांतून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर आहे. तिथल्या सुमारे वीस हजार पेशी डोळ्यांकडून उजेडाची खबर घेतात आणि साऱ्या शरीराला वेळ कळवतात. रात्र झाली की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिन सोडते. प्रखर दिवा लागला की ते दबते. पण घड्याळ तेवढ्यावर संपत नाही. यकृत, आतडे, त्वचा, स्तन, जवळजवळ प्रत्येक ठिकाणच्या पेशीत तेच यंत्र आहे. काही प्रथिने दिवसभर साचत जातात, पुरेशी साचली की स्वतःलाच तयार करणारे जनुक बंद पाडतात, मग हळूहळू विरतात आणि जनुक पुन्हा सुरू होते. या फेऱ्याला सुमारे चोवीस तास लागतात. पेशीने कधी विभागायचे, खराब झालेला डीएनए कधी दुरुस्त करायचा, यावर या फेऱ्याचा हात असतो.

कर्करोगाशी संबंध इथे येतो. डीएनए रोज खराब होतो, रोज दुरुस्त होतो. दुरुस्ती अपुरी राहून पेशी विभागली तर चूक पक्की होते. डीएनए-दुरुस्तीसाठी 2015 चे नोबेल मिळवणारे अझीझ सँकार यांच्या प्रयोगशाळेने 2011 मध्ये उंदरांच्या दोन गटांना एकाच मात्रेची अतिनील किरणे दिली, एकाला पहाटे चारला आणि दुसऱ्याला दुपारी चारला. पहाटेच्या उंदरांना त्वचेचा कर्करोग सुमारे पाचपट झाला, कारण त्या वेळी त्यांच्या त्वचेत दुरुस्ती मंदावलेली असते. त्याआधी 2002 मध्ये चेंग ची ली यांच्या गटाने 'पर-2' हे घड्याळाचे जनुक बिघडलेल्या उंदरांना गॅमा किरणे दिली, तेव्हा त्यांना निरोगी उंदरांपेक्षा जास्त गाठी आल्या. वाचकाने एवढे लक्षात ठेवावे की उंदीर निशाचर आहे. त्याची रात्र हा त्याचा दिवस. उंदराच्या पहाटेवरून माणसाची पहाट सरळ वाचता येत नाही, आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत नेमकी हीच गल्लत होते.

स्तनाच्या कर्करोगाचा धागा पुन्हा पुण्यात येतो. कमल रणदिवे इथल्याच. 1917 चा जन्म, शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. पुढे मुंबईत वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी स्तनाचा कर्करोग उंदरांत अभ्यासला, तोही अशा काळात की जेव्हा आपल्याकडे गाठ म्हणजे कापून काढायची वस्तू एवढाच विचार होता. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा या रोगात काय वाटा, हा त्यांचा प्रश्न होता. संप्रेरकांचा तोच प्रश्न 1987 मध्ये अमेरिकेच्या रिचर्ड स्टीव्हन्स यांनी उजेडाच्या बाजूने विचारला. रात्रीच्या दिव्याने मेलॅटोनिन दबते. त्यामुळे इस्ट्रोजेनसारखी संप्रेरके वाढत असतील का. आणि ज्या देशांत वीज आली तिथे स्तनाचा कर्करोग वाढला, त्यात या दिव्यांचा भाग असेल का?

हा तर्क होता, पुरावा नव्हे. पुरावा दिला तो नर्सेसनी. अमेरिकेतल्या हजारो नर्सेसची माहिती वर्षानुवर्षे गोळा होत होती. 2001 मध्ये एव्हा शेर्नहॅमर यांनी ती तपासली तेव्हा तीस वर्षे किंवा जास्त फिरत्या रात्रपाळ्या केलेल्या नर्सेसना स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा 36 टक्के जास्त दिसला. 2007 मध्ये लियाँ इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने शरीराची लय मोडणारे पाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. त्यानंतर डेन्मार्कने वीस-तीस वर्षे आठवड्याला किमान एक रात्र काम करून स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना भरपाई दिली. मावशीच्या निदानाच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट.

पण पुढचे सांगितले नाही तर ती लबाडी होईल. 2016 मध्ये ब्रिटनमधून दहा अभ्यासांतल्या सुमारे चौदा लाख स्त्रियांची माहिती एकत्र करून छापली गेली. त्यात रात्रपाळी आणि स्तनाचा कर्करोग यांचा काहीच संबंध दिसला नाही. दोन वर्षांनी पाच देशांतली माहिती एकत्र केलेल्या दुसऱ्या पाहणीत पाळी न गेलेल्या, सध्या किंवा अलीकडेपर्यंत रात्री काम करणाऱ्या स्त्रियांत धोका वाढलेला दिसला. ब्रिटनच्या पाहणीतल्या पुष्कळ स्त्रिया वयस्क होत्या आणि त्यांच्या रात्रपाळ्या कधीच संपलेल्या होत्या. फरकाचे हे एक कारण असू शकते. 2019 मध्ये लियाँला सोळा देशांतले सत्तावीस शास्त्रज्ञ पुन्हा बसले, सारा पुरावा वाचला, आणि रात्रपाळीला पुन्हा 'बहुधा' याच गटात ठेवले. स्तन, प्रोस्टेट आणि मोठे आतडे यांच्याबाबत संबंध दिसतो, पण ठाम म्हणण्याइतका पुरावा माणसांत नाही, असे त्यांचे म्हणणे. हा गट पुराव्याच्या बळाचा आहे, धोक्याच्या आकाराचा नाही. याच गटात लाल मांसही आहे. तंबाखू त्याच्या वरच्या, पक्क्या गटात आहे. रात्रपाळीचा आणि तंबाखूचा धोका एकाच तराजूत घालणाऱ्या भाषणांपासून वाचकाने दूर राहावे.

वेळ आणि कर्करोग यांच्यातले आणखी एक नाते एका मराठी सर्जनने दाखवले, आणि ते दिवसाच्या नव्हे तर महिन्याच्या घड्याळाचे होते. राजेंद्र बडवे लंडनच्या गायज हॉस्पिटलात असताना त्यांनी पाळी चालू असलेल्या, स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्या 249 स्त्रियांच्या नोंदी काढल्या आणि ऑपरेशन पाळीच्या कितव्या दिवशी झाले ते पाहिले. 1991 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले: पाळी आल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत ऑपरेशन झालेल्यांपैकी दहा वर्षांनी 54 टक्के जगल्या होत्या, बाकीच्यांपैकी 84 टक्के. जगभर खळबळ झाली. कुणाला तसेच दिसले, अनेकांना दिसले नाही. बडवे मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये आले, पुढे तिथले संचालक झाले, पण तो प्रश्न त्यांनी सोडला नाही. सुमारे हजार स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटून एका गटाला ऑपरेशनच्या आधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिले. 2011 मध्ये निष्कर्ष आला. सगळ्या स्त्रियांचा मिळून ठोस फायदा दिसला नाही, ज्यांच्या काखेतल्या गाठींत रोग पोचला होता त्यांच्यात दिसला. वीस वर्षे एका प्रश्नामागे, आणि शेवटी मिळालेले अर्धे उत्तर जसेच्या तसे लोकांसमोर ठेवणे, हे मला फार मोलाचे वाटते. या पुस्तकात त्यावर वेगळे प्रकरण आहे.

मग उपचारांची वेळ? ही कल्पना भारतात आपल्याला वाटते त्यापेक्षा जुनी आहे. 1970 च्या दशकात चंदीगडच्या पीजीआयमध्ये बी. डी. गुप्ता यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत गाठीचे तापमान दिवसभरात कधी चढते ते मोजून त्यावर लाइटची वेळ बेतून पाहिली. लखनौला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या 229 स्त्रियांना सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन गटांत लाइट दिली. 2010 मध्ये छापलेल्या त्या पाहणीत सकाळच्या गटाला जुलाबांचा त्रास जास्त झाला. फ्रान्समध्ये फ्रान्सिस लेव्ही यांनी आतड्याच्या कर्करोगाची औषधे शरीराच्या लयीनुसार पंपातून सोडली आणि 1997 मध्ये तोंड येण्याचे प्रमाण कितीतरी कमी झाल्याचे दाखवले. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र पुरुषांना फायदा आणि स्त्रियांना तोटा दिसला. स्त्री-पुरुषांची घड्याळे सारखी नसावीत, हे त्यातून पुढे आले. 2022 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या तीस स्त्रियांचे रक्त पहाटे चारला आणि सकाळी दहाला घेतले. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशींपैकी बहुसंख्य झोपेच्या वेळच्या नमुन्यात होत्या. याचा अर्थ झोपू नये असा मुळीच नाही. रक्त कधी घेतले हे रिपोर्टावर लिहायला हवे, एवढा तरी नक्की आहे.

आता हे सगळे घेऊन पुण्यातल्या एखाद्या लाइटच्या विभागात सकाळी उभे राहा. बाकांवर बार्शीहून, श्रीगोंद्याहून, माणहून आलेली माणसे असतात. कुणाचा नंबर दहाचा, कुणाचा रात्री आठचा. मशीन एक, माणसे पुष्कळ. परतीची एसटी किती वाजता आहे त्यावर वेळ मागून घेतली जाते. माझ्या मावशीच्या शेजारी बसणारी एक बाई रोज वेळ बदलून मागायची, कारण मुलीला शाळेतून आणायला दुसरे कुणी नव्हते. यात दोष कुणाचा नाही. पण त्या बाईला आणि मशीन चालवणाऱ्या मुलालाही रोज किती वाजता लाइट झाली ते माहीत असते. ती वेळ लिहून ठेवायला पैसे लागत नाहीत. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांनी नुसती वेळ आणि त्रास यांची पाच वर्षांची नोंद ठेवली तरी जगाला उपयोगी पडेल असे ज्ञान निघेल, असे मला मनापासून वाटते.

शहरही बदलले आहे. मावशीच्या उमेदीत रात्री जागणारे कोण होते? नर्सेस, पोलीस, पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यांतले तिसऱ्या पाळीचे कामगार, मार्केट यार्डातले हमाल आणि पहाटे पेपरच्या गठ्ठ्यांवर बसलेली मुले. बायकांना कारखान्यात रात्री काम करायला 1948 च्या कायद्याने मनाई होती; दवाखाना हा कारखाना नव्हता म्हणून नर्सेस त्यात नव्हत्या. आज हिंजवडीला रात्री साडेनऊला कामाला बसलेल्या मुलीच्या पडद्यावर न्यूयॉर्कची दुपार असते. तिचे शरीर वाकडच्या फ्लॅटमध्येच असते. राज्याच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने, स्त्रीची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर, तिला रात्री काम करायला वाट मोकळी केली. ते योग्यच झाले. रात्र पुरुषांची आणि दिवस बायकांचा, ही वाटणी मला मान्य नाही. पण तिच्यासाठी केलेल्या सगळ्या सोयी गाडीच्या आणि पहाऱ्याच्या आहेत. पाळ्या किती भराभर फिरवाव्यात, सलग किती रात्री द्याव्यात, रात्रीनंतर किती तास मोकळे असावेत, किती वर्षांनंतर तपासणी करावी, हे तिच्याशी कुणी बोलत नाही.

आणि एका गोष्टीची मला भीती वाटते. दिनचर्या हा शब्द आपल्याकडे जुना आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात त्या नावाचा अध्यायच आहे. त्यामुळे हा विषय निघाला की लगेच 'लवकर निजा, लवकर उठा, कॅन्सर होणार नाही' असा उपदेश सुरू होतो. मग ज्याला झाला त्याची झोपच चुकली असणार, असे ओघाने येते. मावशी लवकर निजू शकत नव्हती. ती जागी होती म्हणून वॉर्डातली चाळीस माणसे निजत होती. तिला तिच्या दुखण्याचा जाब विचारणारे पुस्तक मला लिहायचे नव्हते. म्हणून यात वेळापत्रके नाहीत, किती वाजता जेवावे याचे तक्ते नाहीत.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे दिले, ते असे: तुला एकटीला कशाने झाले हे कुणालाच सांगता येणार नाही. तुझ्यासारख्या पुष्कळजणींचा हिशेब मांडला तर कदाचित सांगता येईल. ती म्हणाली, "मग माझा तरी मांडू."

तिच्या ट्रंकेत डायऱ्या होत्या, दर वर्षीची एक, औषध कंपन्यांकडून मिळालेल्या खिशातल्या डायऱ्या. रोजच्या तारखेखाली निळ्या शाईत एक अक्षर: 'म' म्हणजे मॉर्निंग, 'इ' म्हणजे इव्हिनिंग, 'ना' म्हणजे नाइट. सुट्टीला फुली. आम्ही दोघी जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. ती 'ना' वाचत गेली, मी पाचपाचाच्या काड्या मारत गेले. किमोने बोटांच्या टोकांना मुंग्या येत, म्हणून पाने मीच उलटायची. 1983 आणि 1991 च्या डायऱ्या सापडल्या नाहीत. मध्येच ती थांबायची, 'ही रात्र मला आठवते' म्हणून कुणा पेशंटचे सांगायची आणि पुन्हा वाचायला लागायची. तीन दुपारी लागल्या. दोन वर्षे सोडून 1,862 रात्री निघाल्या. पुढच्या तपासणीला तिने तो आकडा चिठ्ठीवर लिहून नेला आणि डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. केसपेपरवर त्यासाठी जागा नव्हती, म्हणून डाव्या समासात, 'निवृत्त' या शब्दाच्या शेजारी, त्यांनी तो आडवा लिहिला.